हस्तातला सूर्य आणि हादग्याचा फेर

दरवर्षी २२ किंवा २३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे उतरतो. हा शरद संपात. त्या दिवशी मिरजेत सूर्य सकाळी ६ वाजून २० मिनिटांच्या सुमारास नेमका पूर्वेला उगवतो आणि संध्याकाळी ६ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास नेमका पश्चिमेला मावळतो. अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. दुपारी १२ वाजून २४ मिनिटांच्या आसपास तिची सावली सर्वांत आखूड होते आणि ती जेमतेम ३० सेंटिमीटर भरते. सकाळपासून त्या सावलीच्या टोकावर खडूने खुणा करत गेलात, तर संध्याकाळी सगळ्या खुणा एका सरळ रेषेत आलेल्या दिसतात. एरवी ह्याच खुणांची कमान होते.

जुन्या ज्योतिष्यांना ही सावली फार मोलाची होती. बारा अंगुळे उंचीचा शंकू रोवायचा आणि संपाताच्या मध्यान्हीला त्याची सावली मोजायची. ती त्या गावाची पलभा. मिरजेची पलभा साडेतीन अंगुळांहून थोडी जास्त येते. पलभा हाती आली की गावाचे अक्षांश कळत, दिनमान मांडता येई, लग्ने काढता येत. संपाताचा दिवस हा आपल्या गणिताचा असा कणा होता. घरात मात्र ह्या तारखेला काही होत नाही. ना नैवेद्य, ना सुट्टी. भारत सरकारची राष्ट्रीय सौर दिनदर्शिका मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तिच्यात आश्विन महिना संपाताला धरून २३ सप्टेंबरलाच सुरू होतो, पण त्या आश्विनाच्या पहिल्या दिवशी कुणाच्या दाराला तोरण लागत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र लागते. लंडनच्या प्रिमरोझ हिल ह्या टेकडीवर ह्या दिवशी पांढरे झगे घातलेले ड्रुइड वर्तुळ करून उभे राहतात. स्टोनहेंजच्या शिळांपाशी पहाटे माणसे जमतात. त्यांच्या घरांत छोटी वेदी मांडली जाते. तिच्यावर सफरचंदे, ताजा पाव, गव्हाच्या ओंब्यांची विणलेली बाहुली, लाल-पिवळी पडलेली पाने, वाइनचा पेला. चार दिशांना नमस्कार करतात, पिकाबद्दल जमिनीचे आभार मानतात, आलेल्या अन्नातला वाटा गरजूंना देतात. काही जण सफरचंद आडवे कापतात आणि आतला पाच टोकांचा तारा सगळ्यांना दाखवतात. ही निसर्गपूजक माणसे स्वतःला पेगन, ड्रुइड किंवा विक्कन म्हणवतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म पेगन असा लिहिला आणि सुमारे १३ हजार जणांनी विक्का.

त्यांचा हा सण फार प्राचीन आहे, असे पुष्कळदा छापले जाते. ते खरे नाही. जुन्या आयर्लंडमध्ये मोठे मानले गेलेले चार सण नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या सुरुवातीला येत. संपाताचा सण त्यांत नव्हता. स्टोनहेंजचा मुख्य अक्षही संपाताच्या सूर्याकडे रोखलेला नाही. तो उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. आधुनिक ड्रुइडांची परंपरा सुरू होते ती आयोलो मॉर्गनुग ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड विल्यम्स ह्या वेल्श दगडकाम करणाऱ्या कवीपासून. त्याने १७९२ मध्ये प्रिमरोझ हिलवर कवींचा मेळावा भरवला. जुनी हस्तलिखिते म्हणून त्याने पुढे केलेल्या मजकुरातला बराचसा त्याचा स्वतःचाच होता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. आठ सणांचे वर्षचक्र १९५० च्या दशकात आकाराला आले आणि त्यात जेराल्ड गार्डनर व रॉस निकोल्स ह्या दोघांचा मोठा हात होता. निकोल्स ह्यांनी १९६४ मध्ये ड्रुइडांचा स्वतंत्र पंथ काढला. त्या पंथात शरद संपाताला ‘अल्बन एल्फेड’ म्हणतात. पेगन मंडळींत जास्त चालणारे ‘माबोन’ हे नाव तर एडन केली ह्या अमेरिकन लेखकाने १९७० च्या दशकात वेल्श कथांतल्या एका पात्रावरून दिले. त्या कथेत संपाताचा उल्लेखही नाही.

सण नवा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही, असे माझे मत आहे. शहरात राहणाऱ्या, दुकानातून पाव आणणाऱ्या माणसांना आपण खातो ते अन्न कुठून येते, ह्याची वर्षातून एकदा आठवण ठेवावीशी वाटली आणि त्यांनी तिच्यासाठी एक दिवस नेमला. ही गरज प्रामाणिक आहे. त्यांनी संपातच का नेमला, ह्याचे उत्तर लंडनच्या आकाशात आहे.

लंडनमध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही लहान. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथला दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी आखडतो. आठवड्यात अर्धा तास गेला, हे घड्याळ न पाहता अंगाला कळते. म्हणून त्यांच्या विधींत उजेड आणि अंधार ह्यांचा तोल हा मुख्य विषय असतो. आता मिरजेचे दिनमान पाहा. इथला सर्वांत मोठा दिवस १३ तास ८ मिनिटांच्या आसपास, सर्वांत लहान ११ तास ७ मिनिटांच्या आसपास. वर्षभराचा सगळा फरक दोन तासांचा. सप्टेंबरात दिवस रोज एका मिनिटानेही कमी होत नाही. कृष्णाकाठच्या माणसाला उजेड घटल्याची काळजी कशाला वाटेल?

त्याला काळजी पाण्याची. सप्टेंबरच्या मध्याला राजस्थानातून मान्सून परतू लागतो. हवामान विभागाच्या तक्त्यात ती सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे. दक्षिण महाराष्ट्रातून तो निघेपर्यंत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. मधल्या दिवसांत मिरज तालुक्यात पडतो तो वेगळाच पाऊस. सकाळभर ऊन तापते, दुपारनंतर पूर्वेकडून काळे ढग चढतात, वीज कडाडते आणि तासाभरात रान भरून जाते. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या ह्या मुलखात जून-जुलैची रिपरिप बऱ्याचदा नुसती आशा लावते. जमिनीत खोल ओल जाते ती ह्या पावसाने. शेतकरी त्याला हत्तीचा पाऊस म्हणतात, कारण तेव्हा सूर्य हस्त नक्षत्रात असतो. तालुक्याच्या पूर्व भागात शाळू पेरायचा तो ह्याच ओलीवर, आणि मग तो थंडीच्या दवावर वाढतो. पण तोच पाऊस दुसऱ्या बांधावर शत्रू होतो. द्राक्षबागांची फळछाटणी नेमकी ह्याच सुमारास चाललेली असते. छाटणीनंतर फुटवा कोवळा असताना हत्ती दोन-तीन दिवस लागून राहिला, की वेलीवर दावण्या रोग उतरतो आणि औषधाच्या फवाऱ्यांमागे फवारे सुरू होतात. एकाच गावात एक जण आभाळाकडे पाहून हात जोडतो आणि दुसरा त्याच आभाळाला थांब म्हणतो. संपाताच्या दिवसांची ही आपली गोष्ट आहे.

आणि हिच्यासाठी आपल्याकडे सण आहे. तो मुलींनी सांभाळला, म्हणून त्याला खेळ म्हटले गेले. तो हादगा.

सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा ह्या पट्ट्यात सूर्य हस्तात शिरला की हादगा बसतो. रिवाज सोळा दिवसांचा. भिंतीवर हादग्याचा कागद लावतात. त्यावर दोन हत्ती एकमेकांकडे तोंड करून उभे असतात आणि सोंडांमध्ये माळ धरलेली असते. काही घरांत पाटावर रांगोळीने किंवा तांदळाने हत्ती काढतात आणि पाट अंगणाच्या मधोमध ठेवतात. चित्रावर फळांच्या माळा सोडतात. ह्या फळांत बाजारातली महाग फळे नसतात. दोडका, कारले, भेंडी, काकडी, मिरच्या, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, पेरू, कच्चे सीताफळ, असे त्या पंधरवड्यात परसात आणि रानात जे लागले असेल ते दोऱ्यात ओवायचे. शाळकरी मुलीला त्या हंगामाची सगळी भाजी नावानिशी ठाऊक होते ती अशी. मग फेर धरायचा. पहिले गाणे गणपतीचे, आणि पुढे पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाणी चढत जातात. खिरापतीही तशाच चढतात. सोळाव्या दिवशी सोळा खिरापती. झाकलेला डबा हलवून आतला आवाज ऐकवायचा आणि गोड की तिखट, ओली की कोरडी, असे विचारत मुलींनी खिरापत ओळखायची. ती ओळखू न येणे ही त्या घरच्या बाईची फुशारकी.

भिंतीवरच्या त्या दोन हत्तींकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ह्या भागातल्या कितीतरी जुन्या देवळांच्या दारावर, चौकटीच्या वरच्या पट्टीत, मधोमध बसलेली लक्ष्मी आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर घट उपडे करणारे हत्ती कोरलेले असतात. ही गजलक्ष्मी. हत्ती हे पावसाने भरलेले ढग आणि मधली देवी ही भिजणारी जमीन, हा अर्थ आपल्या परंपरेत फार जुना आहे. हादग्याच्या कागदावर देवी दिसत नाही, पण तिच्या जागी ओल्या शेंगा आणि दोडकी लोंबत असतात. मला ती गजलक्ष्मीच वाटते, देवळातून घराच्या भिंतीवर आलेली आणि दगडाऐवजी खऱ्या पिकाने मढवलेली.

गाण्यांचा विषय सासर-माहेर. त्यांतले कारल्याचे गाणे सगळ्यांना ठाऊक असते. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरून झाले, तर कोंब येऊ दे. कोंब आला, तर वेल चढू दे. मग फूल, मग कारले, मग त्याची भाजी. प्रत्येक पायरीवर सून पुन्हा विचारते आणि प्रत्येक पायरीवर सासू तिला पिकाच्या पुढच्या अवस्थेपर्यंत थांबवते. बाईचे वाट पाहणे आणि वेलीचे वाढणे एकाच मापाने मोजणारे हे गाणे रचले कुणी, त्या बाईचे नाव कुठे राहिले नाही. आयोलो मॉर्गनुगचे, निकोल्सचे, केलीचे नाव राहिले. मला ह्याचे वाईट वाटते. पण फेरातल्या मुलीला ते गाणे तोंडपाठ असते, आणि कुठल्याही रचनेला ह्याहून मोठे भाग्य मिळत नाही.

आता गणिताकडे वळू. आपले बहुतेक सण चंद्रावर चालतात, म्हणून ते इंग्रजी तारखांवर पुढेमागे सरकतात. हादगा मात्र, मकरसंक्रांतीसारखा, सूर्यावर चालतो. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात येतो आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रात जातो. ह्या तारखा वर्षानुवर्षे एखाद्या दिवसापलीकडे हलत नाहीत. म्हणजे संपातानंतर चार-पाच दिवसांत हादगा बसणार, हे ठरलेले आहे.

ह्याहून जवळचा एक संबंध आहे आणि तो मला फार आवडतो. संपाताच्या तारखेला दिवस-रात्र समान असतात असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात त्या दिवशी मिरजेचा दिवस १२ तास ७ मिनिटांचा असतो. हवेतून वाकून आलेला प्रकाश सूर्य क्षितिजाखाली असतानाच त्याला वर दाखवतो, आणि सूर्योदय आपण त्याची वरची कड दिसताच मोजतो, म्हणून ही सात मिनिटे वाढतात. इथला दिवस रोज मिनिटभरानेही घटत नसल्यामुळे ती सात मिनिटे फिटायला आठवडा जातो. लंडनला हा हिशेब २५ सप्टेंबरच्या आसपास पुरा होतो. मिरजेत तो ३० सप्टेंबरच्या आसपास होतो. आपल्या गावात दिवस आणि रात्र खरोखर सारखे होतात तेव्हा सूर्य हस्तात असतो आणि हादगा बसलेला असतो.

मागे गेलो तर हा संबंध आणखी घट्ट होतो. पृथ्वीचा अक्ष संथपणे डुलतो, म्हणून संपाताचा बिंदू नक्षत्रांमधून साधारण ७१-७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आज संपाताला सूर्य उत्तरा नक्षत्रात असतो. चित्रापक्षाच्या पंचांगाने हिशेब मांडला तर आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत संपाताचा क्षण हस्तातच येत होता. मिरजेवर कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य होते तेव्हा, आणि आदिलशाहीचा अंमल होता तेव्हाही, हत्ती नक्षत्र आणि शरद संपात एकत्र येत. हादगा संपातासाठीच सुरू झाला, असा निष्कर्ष मी ह्यावरून काढणार नाही. तो पावसासाठी आणि पिकासाठी आहे, हे त्याच्या चित्रावरून आणि माळांवरून स्पष्ट दिसते. पण सूर्याच्या ज्या जागेला धरून तो बसतो, ती जागा संपाताची होती आणि अजूनही संपाताच्या शेजारची आहे.

घटस्थापनेचे तसे नाही. ती आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चंद्रावर. २०२५ मध्ये घट २२ सप्टेंबरला बसले आणि त्याच रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी संपात झाला. असा योग क्वचित येतो. २०२३ मध्ये घट बसायला १५ ऑक्टोबर उजाडला होता आणि अधिक आश्विन आलेल्या २०२० मध्ये १७ ऑक्टोबर. तरी हंगामाचे भान घटालाही आहे. रानातली काळी माती आणून परडीत किंवा पत्रावळीवर पसरायची, तिच्यात धान्य पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा, त्यावर नागवेलीची पाने. मिरजेच्या माणसाला ही पाने आरग, बेडग, नरवाडच्या पानमळ्यांतून मिळतात. घट पाझरतो आणि त्या ओलीवर बी उगवते. रोज एक फुलांची माळ चढते. आपल्या भागात वरून कडाकण्या टांगतात. दसऱ्याला वीतभर वाढलेले पिवळसर कोंब उपटून टोपीत खोवायचे आणि शिलंगणाला जायचे. पुढच्या हंगामाचे बियाणे उगवते का, ह्याची ही घरात घेतलेली चाचणी आहे, असे शेतीचे जाणकार सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. त्याच नऊ रात्री मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव चालतो आणि ह्याच गावात घडलेले तानपुरे तिथे जुळवले जातात.

ड्रुइडांच्या संपातात आणि आपल्यात एक मोठा फरक ह्या पंधरवड्यात दिसतो. ते मेलेल्यांची आठवण नोव्हेंबरच्या सणासाठी राखून ठेवतात. आपल्याकडे, अधिक आश्विनाचे वर्ष सोडले तर, घट बसण्याच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या असते. गेलेल्यांना जेवू घालायचे आणि दुसऱ्या दिवशी मातीत बी पेरायचे, मध्ये एका रात्रीपलीकडे अंतर नाही. मला आपली ही रचना अधिक खोल वाटते.

हादग्याचे मात्र आज बरे चाललेले नाही. पुण्याकडे भोंडला नवरात्राला बांधलेला आहे, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसते. त्या त्यांच्या त्यांच्या जागी योग्य आहेत. पण दक्षिण महाराष्ट्रात आता शाळा, सोसायट्या आणि महिला मंडळे हादग्याला भोंडल्याचे नाव देऊन नवरात्रातली एखादी सोयीची दुपार गाठतात. परदेशातली मराठी मंडळे शनिवार-रविवार पाहतात. दूरदेशी ते समजण्यासारखे आहे. मिरजेत नाही. २०२० किंवा २०२३ सारख्या वर्षी नवरात्र येईपर्यंत हस्त सरलेला असतो आणि पाऊसही बहुधा गेलेला असतो. मग भिंतीवरचे हत्ती कशाचे? एका दुपारच्या कार्यक्रमात गाणी रोज एकाने चढत नाहीत, खिरापती चढत नाहीत, आणि कारल्याच्या गाण्यातले थांबणेही मुलींच्या अंगात उतरत नाही.

इंग्लंडच्या पेगन मंडळींना आपला संपाताचा सण गेल्या सत्तर वर्षांत नव्याने उभा करावा लागला. आपल्याला काही उभे करायचे नाही. ह्या वर्षी पंचांगात सूर्याचा हस्तप्रवेश पाहा, त्या दिवशी शाळेच्या भिंतीवर हादग्याचा कागद लावा, मुलींबरोबर मुलांनाही फेरात घ्या, आणि माळेत ओवायची फळे दुकानातून न आणता त्यांनाच रानातून, परसातून शोधून आणू द्या. हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास लागतो.